वीज आली, पंखा फिरला, पोपट पडला

जूनमधली संध्याकाळ होती. गोव्यात, आमच्या फोंड्यात, सकाळपासून पावसाने झोडपून काढलं होतं आणि सहाच्या सुमारास नेहमीप्रमाणे वीज गेली. पंखा थांबला तसं मुलाने मानकूला पिंजऱ्याबाहेर काढलं. आमच्या घरातला नियम साधा होता: पंखा फिरत असेल तर पिंजऱ्याचं दार बंद. मुलाने नियम मोडला नव्हता. मानकूने हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि थांबलेल्या पंख्याच्या पात्यावर जाऊन बसला. आठ-दहा मिनिटांनी वीज आली. भिंतीवरचं बटण चालूच राहिलं होतं.

पातं हललं तसा तो दचकून उडाला. मागून आलेल्या पात्याचा फटका बसला आणि समोरच्या भिंतीवर आपटून तो सोफ्यामागे पडला.

मानकू कॉकाटील आहे, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा ऑस्ट्रेलियन पोपट. तोंड पिकल्या मानकुराद आंब्यासारखं पिवळं, म्हणून हे नाव. वजन ९२ ग्रॅम, कोंबडीच्या दोन अंड्यांपेक्षाही कमी. तो पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत घरात तीन उपाय निघाले. सासूबाई म्हणाल्या, "अगो, आधी पाणी घाल त्याच्या तोंडात!" शेजारच्या मामी "कितें जालें गो?" करत धावत आल्या आणि त्यांनी फेणीचा एक थेंब पाजायला सांगितला, धक्का उतरतो म्हणून. मुलगा रडत रडत त्याला उचलून छातीशी घट्ट धरायला निघाला होता. तिघांचीही माया खरी. उपाय मात्र तिन्ही जिवावर बेतणारे होते, हे मला डॉक्टरांना फोन केल्यावर कळलं. ते फोनवर एवढंच म्हणाले, "काही करू नका. खोक्यात ठेवा, अंधार करा आणि घेऊन या."

काहीच करायचं नाही हे ऐकायला फार कठीण जातं. पोपटाचं शरीर आतून कसं चालतं ते समजलं की थोडं सोपं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

नव्वद ग्रॅमचा हिशोब

पक्ष्याच्या अंगात त्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त असतं. मानकूच्या अंगात म्हणजे ९ मिलिलिटर, चहाचे दोन चमचेही नाहीत. धडधाकट पक्षी त्यातलं एखादं मिलिलिटर गमावून सावरू शकतो, आणि एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब. फरशीवर पाच-सहा थेंब दिसले तर घाबरून गोंधळ घालण्यात अर्थ नाही. पण थेंब पडत राहिले तर "थांबेल आपोआप" म्हणत बसायलाही वेळ नसतो. म्हणून पडलेल्या पक्ष्याजवळ गेल्यावर सगळ्यांत आधी रक्त वाहतंय का ते बघायचं. बाकीचं सगळं नंतर.

नखाचं टोक तुटून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लॉवर किंवा साधं पीठ चिमटीत घेऊन नखावर दाबून धरायचं. कातडीवरच्या जखमेला स्वच्छ कापडाने हलका दाब द्यायचा, दोन-तीन मिनिटं, मध्ये मध्ये उचलून न बघता. तिसरा प्रकार लोकांना माहीत नसतो, तो कोवळ्या पिसाचा. नवं पीस वाढत असताना त्याच्या देठात रक्त खेळत असतं. देठ निळसर-काळपट दिसतो. असं पीस मधेच मोडलं तर उघड्या नळासारखं गळत राहतं. त्यावरही दाबच द्यायचा. पीस उपटायचं की नाही ते डॉक्टरांनी ठरवायचं, कारण उपटणं भयंकर दुखतं आणि चुकलं तर मूळ दुखावतं.

हळद भरू नका. जखम बघण्याआधी डॉक्टरांना ती धूत बसावं लागतं. आणि गोव्यात ज्याच्याशिवाय पान हलत नाही ते खोबरेल तेलही नको. पिसं एकमेकांत गुंतून अंगाची ऊब धरून ठेवतात. त्यांना तेल लागलं की ती चिकटतात आणि आधीच धक्क्यात असलेला पक्षी गारठतो.

आता श्वास. आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो. पक्ष्यांना तो पडदा नसतो. छातीचं मधलं उभं हाड हलवून ते हवा आत-बाहेर करतात, आणि फुप्फुसांना जोडलेल्या नऊ पातळ पिशव्या लोहाराच्या भात्यासारखं काम करतात. छाती मुठीत आवळली की भाताच थांबतो. नाक-तोंड मोकळं असलं तरी पक्षी गुदमरतो. मुलाने त्याला छातीशी धरलं असतं तर नेमकं हेच झालं असतं. उचलायचंच असेल तर पातळ टॉवेल वरून अलगद टाकायचा, दोन्ही पंख अंगाला मिटलेले राहतील असं गुंडाळायचं, मान दोन बोटांच्या कमानीत धरायची आणि छातीवर काहीही दाबायचं नाही.

पाण्याचंही असंच आहे. पोपटाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि आपल्यासारखं त्यावर झाकण नसतं. शुद्धीवर असलेला पक्षी गिळताना ती वाट स्वतः बंद करतो. गुंगीतल्या पक्ष्याच्या चोचीत ड्रॉपरने पाणी सोडलं की ते सरळ फुप्फुसात जातं. फेणीबद्दल वेगळं काय सांगणार? तेवढ्याशा शरीराला एक थेंबही विष आहे. मामी अजून मानायला तयार नाहीत, ते सोडा.

शेवटची गोष्ट सगळ्यांत फसवी. पोपट हा थव्यात राहणारा आणि ससाण्याच्या नजरेत सापडणारा जीव आहे. थव्यातला जो पक्षी लंगडतो, मागे पडतो, त्याच्यावर झडप पडते. त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. वीस मिनिटांनी मानकू उठून बसला, त्याने तुरासुद्धा उभा केला. "बरा झाला, उगाच पणजीला कशाला जायचं पावसात?" असं ह्यांनी म्हटलंही. त्याच्या उजव्या पंखाचं एक हाड तेव्हा मोडलेलं होतं.

खोका आणि रस्ता

बुटांचा खोका चालतो, त्याहून थोडा मोठा असला तर बरं. तळाला टॉवेल, बाजूंना भोकं, आत दांडी नको. अंधारात पक्षी शांत बसतो, हृदयाची धडधड उतरते, आणि मोडलेला पंख फडफडवून आणखी नुकसान करून घेत नाही. रक्त वाहत नसेल तर निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं असंच ठेवलेलं चांगलं.

ऊब द्यायची की नाही यावर इंटरनेटवर उलटसुलट वाचायला मिळतं, आणि दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. पक्षी पिसं फुगवून थरथरत असेल आणि डोक्याला मार नसेल तर ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब त्याला आधार देते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे गरम वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं. पण भिंतीवर किंवा काचेवर डोकं आपटलं असेल तर वेगळी ऊब नको. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीत आधीच सुरू झालेली सूज वाढते. आमच्याकडे डोकं आपटलं होतं, आणि जूनमधली गोव्याची खोली तशीही काही थंड नसते. पंखा बंद ठेवला, बाकी काही केलं नाही.

नेताना गाडीत रेडिओ बंद, बोलणं हळू. स्कूटरच्या डिकीत किंवा पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून मांडीवर खोका ठेवून जाऊ नका. आपल्या रस्त्यांवरचा एकेक खड्डा मोडलेल्या हाडाला कळतो.

एक काम अपघाताआधीच करून ठेवायचं असतं आणि ते मी केलं नव्हतं: पक्ष्यांवर उपचार करायची सवय असलेला डॉक्टर शोधणं. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर बरेच आहेत, पण पक्ष्याला नुसतं हातात धरणं हेच एक कौशल्य आहे. आज फोन करून विचारा, "तुम्ही पोपट बघता का?" उत्तर लिहून फ्रिजवर लावा.

हिरव्या पोपटाबद्दलही इथेच सांगते. घरोघरी "राघू" म्हणून पिंजऱ्यात दिसणारा आपला पोपट, तसंच इथल्या रानातले टुईया, निळ्या पंखांचा पोपट, भुंडा पोपट, हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि त्यांना पाळणं गुन्हा आहे. अंगणात असा जखमी पोपट सापडला तर खोका-अंधार-शांतता हीच पद्धत वापरा आणि वन खात्याला कळवा. विदेशी पोपटांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापार-यादीत असलेल्यांची, उदाहरणार्थ आफ्रिकन ग्रे किंवा सन कॉन्युर यांची, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर हे आलं. कॉकाटील आणि बजरिगार त्या यादीत नाहीत.

डोक्याला मार

डोक्याला मार लागलेल्या पोपटात काय दिसतं? मान एका बाजूला कलते, तोल जातो, डोळे अर्धे मिटून तो पेंगतो, कधी नाकपुडीत किंवा कानाशी रक्त दिसतं. माणसांत डॉक्टर डोळ्यांवर टॉर्च मारून दोन्ही बाहुल्या सारख्या आकुंचन पावतात का ते पाहतात. पोपटात ही परीक्षा आपण घरी करून निष्कर्ष काढू नये. त्याच्या डोळ्यातले ते स्नायू बऱ्याच अंशी त्याच्या इच्छेने हलतात. आवडीची वस्तू दिसली की पोपट बाहुल्या लहान-मोठ्या करतो ते तुम्ही पाहिलं असेल. त्यामुळे बाहुली हलली म्हणजे मेंदू ठीक, असं म्हणता येत नाही.

मेंदूची सूज लगेच पूर्ण चढत नाही. पहिले ४८ तास म्हणूनच महत्त्वाचे. या काळात मंद उजेड, गडबड नाही, पाहुणे नाहीत, "मिठू मिठू बोल" नाही. दर तासाला टॉवेल उचलून "जिवंत आहे ना" बघायचा मोह मलाही होत होता. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला ताप आला असताना कुणी दर तासाला दिवा लावून बघितलं तर?" मग मी दार किंचित उघडं ठेवून लांबूनच श्वास मोजायला लागले. विसाव्याला बसलेल्या पक्ष्याची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होत असेल, चोच उघडी पडत असेल, किंवा कातडीखाली फुग्यासारखी हवा भरलेली दिसत असेल, तर मध्यरात्र असो की काही, डॉक्टरांना उठवायचं. तो फुगा म्हणजे हवेची एखादी पिशवी फाटल्याचं लक्षण असतं.

वेदनेच्या औषधाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे शहाणी माणसंही चुकतात. आपल्या घरातली गोळी चुरून देऊ नका, किती का लहान तुकडा असेना. पक्ष्याच्या शरीरात औषध कसं वागेल ते आपल्यावरून ठरत नाही, आणि हे या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना दिलं जायचं. ती गुरं मेल्यावर गिधाडं त्यांचं मांस खायची, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. भारतातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पुढे आलं. मानकूलाही डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅमच दिलं, थेंबाच्या हिशोबात, वजन करून. हा डोस डॉक्टरांनीच काढायचा असतो.

हाड

क्ष-किरण फोटोत दिसलं की मानकूच्या पंखातल्या दोन समांतर हाडांपैकी एक मोडलंय. पक्ष्याचा पंख म्हणजे आपला हातच: खांदा, दंडाचं एक हाड, कोपर, पुढे दोन हाडं, मनगट. त्या दोनांपैकी एकच मोडलं तर शेजारचं शाबूत हाड आपोआप काठीसारखा आधार देतं. यात आम्ही नशीबवान. काचेवर वेगाने आदळलेल्या पक्ष्यांत खांद्याला छातीशी टेकू देणारं हाड मोडतं. बाहेरून काही दिसत नाही, पक्षी फक्त उडत नाही. दंडाचं हाड मोडलं तर प्रकरण अवघड, कारण ते आतून पोकळ असतं आणि हवेच्या पिशवीशी जोडलेलं असतं. अशी उघडी जखम पाण्याने किंवा जंतुनाशकाने धुतली तर ते पाणी श्वसनमार्गात उतरू शकतं. म्हणून हाड दिसत असेल तर फक्त स्वच्छ ओलसर कापड वर ठेवायचं आणि निघायचं.

मानकूच्या पंखाला आठाच्या आकड्याची पट्टी बांधली. आठ म्हणजे इंग्रजी आठ, आपल्या ८ च्या आकारात बांधली तर पक्षी पाच मिनिटांत बाहेर येईल! पंख मिटलेल्या स्थितीत कोपर आणि मनगट यांच्याभोवती पट्टी फिरवतात. ती स्वतःलाच चिकटणारी असते. पिसांना चिकटणारी साधी चिकटपट्टी वापरत नाहीत. घरी आपण बांधायची वस्तू ही नव्हे. घट्ट झाली तर रक्त थांबतं, सैल झाली तर हाड हलतं.

पक्ष्यांची हाडं पातळ असतात पण जुळतात झटपट. दोन-तीन आठवड्यांत मोडल्या जागी हाड चांगलं धरतं. घाई हाडाला नसते, ती कातडीला असते. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला एक ताणलेला पातळ पडदा असतो. पंख फार दिवस मिटून बांधला तर तो पडदा आखडतो, आणि हाड उत्तम जुळूनही पंख पुरता उघडत नाही. म्हणूनच डॉक्टर मध्ये मध्ये पट्टी सोडून, कधी भूल देऊन, पंख हळूच ताणतात. "इतक्यात का सोडली पट्टी?" असं सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं. त्याचं कारण हे.

मोदकाचा काटा

मानकूला घरी आणल्यावर जुना उंच पिंजरा बाजूला ठेवला. एक पंख बांधलेला पोपट म्हणजे एक हात बांधून होडीत उभा राहिलेला माणूस. दांडी जमिनीपासून दोन इंचांवर, खाली दुमडलेला टॉवेल, त्यावर पांढरा कागद, दाणा-पाणी चोचीच्या उंचीवर पसरट वाटीत. खेळणी आणि शिडी काढून टाकली. अगरबत्ती, कापूर, डासांची कॉइल या सगळ्याला त्या खोलीत बंदी. दुखऱ्या श्वासाला धूर नको.

खाण्यात काही नवं सुरू करू नका. आजारातून उठताना नवी चव कुणालाच नको असते. दुकानदार ज्याला कांगणी म्हणतो ते राळे, उकडलेल्या मक्याचे दाणे, निवलेल्या पेजेतली शितं, बिनमिठाची. हाड जुळायला कॅल्शियम लागतं आणि नुसत्या दाण्यांत ते फार कमी असतं. आपल्याकडे यावर फुकटचा उपाय किनाऱ्यावर पडलेला असतो: समुद्रफेन, म्हणजे माणकीच्या जातभाईचं पांढरं हलकं हाड. स्वच्छ धुवून, उकळून, कडकडीत वाळवून पिंजऱ्याला अडकवायचं. मानकू ते तासन्‌तास कोरत बसायचा.

तो खातोय का, हे वाटीकडे बघून कळत नाही. पोपट दाणा सोलून टरफल परत वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, आणि ती निव्वळ टरफलांची असते. तिच्यावर एक फुंकर मारून बघा. त्याहून भरवशाचा साक्षीदार म्हणजे वजनाचा काटा. चतुर्थीला मोदकाचं पीठ मोजायला आणलेला माझा काटा महिनाभर मानकूच्या ताब्यात गेला. रोज सकाळी पहिली शीट झाल्यावर, खाण्याआधी, ग्रॅममध्ये वजन. ९२ चे पहिल्या दिवशी ८९ झाले, चौथ्या दिवशी ८४. वजन एकूण दहा टक्क्यांनी घटलं की पक्ष्याला नळीने भरवायची वेळ येते, म्हणजे आमची रेषा ८३ वर होती. पाचव्या दिवशीही काटा ८४ वरच थांबला, सहाव्या दिवशी ८५ आले. त्या एका ग्रॅमचा मी सगळ्या नातेवाइकांना मेसेज केला.

आणि शीट. त्यासाठीच तो पांढरा कागद. निरोगी शिटेत तीन भाग दिसतात: हिरवा किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा खडूसारखा भाग, भोवती स्वच्छ पाणी. पक्षी जेवत नसेल तर हिरवा भाग अगदी थोडा आणि गडद होतो. लालसर झाक दिसली की कागदासकट फोटो काढून डॉक्टरांकडे.

पुन्हा हवेत

तीन आठवड्यांनी पट्टी कायमची निघाली आणि मला वाटलं संपलं. खरं कंटाळवाणं काम तेव्हा सुरू झालं. उडायचे स्नायू छातीच्या उभ्या हाडाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि न वापरता ते भराभर उतरतात. मानकूच्या छातीवर बोट फिरवलं तर हाड सुरीच्या पाठीसारखं लागत होतं. अशा पक्ष्याला "जा, उड" म्हणून सोडलं तर तो दगडासारखा खाली येतो आणि तेच हाड फरशीवर आपटतं.

त्यामुळे बोटावर बसवायचं आणि हात झटक्यात नव्हे, लिफ्ट उतरावी तसा थोडा खाली न्यायचा. तोल सावरायला तो आपोआप पंख उघडतो. सुरुवातीला दिवसातून दोनदा, पाच-सहा वेळा. चोच उघडून धापा टाकायला लागला की बंद. आठवड्याने खुर्चीवरून पलंगावर, अर्ध्या मीटरचं अंतर, पलीकडे राळ्याचं कणीस धरून. वर चढणं जड जातं, पण खरी परीक्षा उतरण्याची असते: वेग कमी करणं, वळणं, पाय पुढे काढणं. तेव्हा पलंगावर उशा पसरून ठेवा आणि हसू आलं तरी हसू नका.

एक बाजू मात्र महिनोन्‌महिने वाकडी राहू शकते, ती पिसांमुळे. पूर्ण वाढलेलं पीस नखासारखं निर्जीव असतं. मोडलं तर पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच मोडकं राहतं. नवं पीस जुनं गळल्यावरच येतं. मानकूची उजवीकडची तीन पिसं मोडली होती, त्यामुळे तो बराच काळ किंचित डावीकडून उजवीकडे झुकत उडायचा, पंक्चर झालेल्या रिक्षासारखा.

भीतीचं काय? ती हाडाइतकी लवकर जुळली नाही. हॉलच्या दारात आणलं की तो बोट चावायचा, अंग चोरून तुरा मागे चपटा करायचा. तिथेच थांबायचं, एक पाऊल मागे यायचं, कणीस द्यायचं. दुसऱ्या दिवशी एक वीत पुढे. रागावून किंवा "काय होत नाही रे" म्हणत आत नेऊ नका. कॉकाटील तसेही रात्री अचानक घाबरून पिंजऱ्यात धडका मारण्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि जखमी असताना एक धडकही महागात पडते. रात्री मंद दिवा ठेवायचा, आणि तो बॅटरीवरचा, कारण वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री तर आम्ही पिंजरा मागच्या खोलीत नेऊन मीच जवळ झोपले. बाहेर पहाटेपर्यंत ढोल आणि स्पीकर.

"पंख कापून टाका, प्रश्नच मिटेल," असं निदान चौघांनी सुचवलं. यावर पाळणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत, माझं मत कापू नये असं आहे. पिसं कापलेला पोपट उडायचं विसरत नाही, फक्त त्याला उतरता येत नाही. दचकला की झेपावतो आणि छातीवर पडतो. शिवाय अंगणात वारा असेल तर तसाही दूर वाहून जातो. बदलायचं असेल तर घर बदला.

घरातले सापळे

पंख्याचा आमचा नियम बदलला. पंखा थांबलेला असणं पुरत नाही. बटण बंद असलं पाहिजे. वीज गेली की आधी बटणं बंद करायची, मग पिंजरा उघडायचा, आणि पिंजऱ्याजवळच्या बटणावर मुलाने लाल चिकटपट्टी लावली आहे. इन्व्हर्टर असलेल्यांनी पंखा त्यावर आहे का तेही बघून ठेवावं. बटण बंद केल्यावरही पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं.

स्वयंपाकघराचं दार बंद. कढईतल्या तेलाची वाफ पक्ष्याला दिसत नाही आणि तो थेट कढईच्या काठावर उतरू शकतो. नळाला पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या बादल्या आणि पिंप झाकून ठेवा, त्यात पक्षी बुडतात. मोठा आरसा असेल तर त्यावर पडदा.

काचा राहिल्या. माझ्या आजोळच्या जुन्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या होत्या, लाकडी चौकटीत बसवलेले पातळ दुधी शिंपले. त्यांतून उजेड यायचा पण आरपार दिसायचं नाही. आजीच्या घरात कित्येक चिमण्या शिरायच्या. खिडकीवर आपटलेली एकही मला आठवत नाही. आता पर्वरीपासून मडगावपर्यंत फ्लॅटला भिंतभर सरकत्या काचा असतात आणि पक्ष्याला त्या काचेत पलीकडचा माड दिसतो. पडदा ओढा, किंवा काचेवर बाहेरून कागदाच्या पट्ट्या लावा, तळहाताच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर न ठेवता. एकच गरुडाचं स्टिकर लावून भागत नाही. पक्षी त्याला वळसा घालून उरलेल्या काचेवर आदळतो.

आम्ही पट्ट्या लावल्या आहेत. घर रद्दीच्या दुकानासारखं दिसतं. मानकू आता ९१ ग्रॅम आहे, फ्रिजवरून पडद्याच्या दांडीपर्यंत उडतो, आणि वीज गेली की सगळ्यांत आधी वर पंख्याकडे बघतो.